उसवलेले हातमोजे

आमच्या घरात सगळ्यात जास्त काय होतं असं कोणी विचारलं तर मी सांगेन, हातमोजे. भांडी बेताची, कपडे बेताचे, हातमोजे मात्र पोत्यानं. बाजेखाली हातमोजे, फळीवर हातमोजे, आणि बाबा भिंतीला टेकून बसत तिथं त्यांच्या पाठीशी लोडासारखं दाबलेलं आणखी एक पोतं. यवतमाळच्या उन्हाळ्यात, जिथं माणसाला अंगावर बनियनसुद्धा नकोसं होतं, तिथं आम्ही हातमोज्यांच्या ढिगात झोपत होतो. माझी आत्या केळापूरहून यायची ती दारातूनच म्हणायची, बाप्पा, तुमच्या इकडं थंडी लय पडून राह्यली वाटते. दर वेळी हेच म्हणायची आणि दर वेळी स्वतःच आधी हसायची.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांना सांगते, हातमोजा उलटा शिवतात. शिलाई बाहेर, अंग आत. मग काठीनं एकेक बोट ढकलून तो सुलटा करावा लागतो. माय यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या एका लहानशा कारखान्यात दिवसभर मशीनवर बसायची आणि येताना उलट्या हातमोज्यांचं पोतं घेऊन यायची. ते सुलटे करण्याचं काम आमचं, घरच्यांचं. बाबा आरागिरणीत होते. त्यांनी सागाच्या तुकड्याची बोटाएवढी काठी घासून इतकी गुळगुळीत केली होती की घामट हातातून ती निसटायचीच. चार बोटं बाहेर येताना फट्ट असा आवाज करत. करंगळी हट्टी, तिला दोनदा समजावावं लागे आणि आली तरी फुसकन येई. त्यावर बाबा हसत. चुलीवर चून, म्हणजे बेसनाचं पिठलं, रटरटत असायचं, त्यात लसणाच्या फोडणीचा वास, माय भाकरी थापतेय त्याची थाप, रेडिओवर कुणीतरी बातम्या वाचतंय, आणि मधून मधून फट्ट, फट्ट. दहावीचा सगळा भूगोल मी ह्या आवाजात पाठ केला. आता कोणी म्हणेल, बिचारी पोर, अभ्यासाच्या वयात कामाला जुंपली. उगाच कीव करू नका. माझ्या दोघी मोठ्या बहिणी लग्न होऊन गेल्या होत्या, घर फार गप्प झालं होतं, आणि ह्या कामाच्या निमित्तानं आम्ही तिघं रोज एका जागी बसत होतो. मला ते आवडायचं.

कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, मोटारीवर चालणाऱ्या मशिनी आणि जाड पांढऱ्या कापडाचे तागे. भोंगा वाजला की आमच्या वस्तीतल्या बायका डबे घेऊन निघत. माल सगळा परदेशी जायचा. तिकडची माणसं बागेत माती उकरताना, लोखंड उचलताना, मासळीच्या पेट्या हलवताना हे मोजे घालतात असं कारखान्याच्या शेठजींनी सांगितलं होतं, आणि मायला त्याचं नवल संपत नव्हतं. मातीत हात घालायला मोजे! पण ती थट्टा कारखान्याच्या बाहेर. मशीनवर बसली की तिच्यासारखी कडक बाई दुसरी नाही. एकेका बाईकडं मोज्याचा एकेक भाग असे. कोणी तळवा आणि पाठ जोडे, कोणी बोटांच्या मधल्या पट्ट्या लावे, कोणी मनगटाची पट्टी. शेवटी घरून सुलटा होऊन आलेला तयार मोजा मायच्या हातात येई. ती तो घालून मूठ आवळायची. कुठं टोचलं, कुठं ओढलं, की परत. याला सगळ्या जणी मूठ पाहणं म्हणत, आणि मायनं मूठ पाहिली म्हणजे मग त्या मोज्याला कोणाचं काही म्हणणं नसे.

सगळ्यात अवघड अंगठा. तो सरळ बसत नाही, तिरपा बसतो, आणि शिलाई गोल वळवून घ्यावी लागते. ते काम शेवंतामावशीचं. मावशी आमच्या वस्तीतली नव्हती, ती जुन्या गावातली, शेतकरी घरातली. नवरा लवकर गेलेला, एक लहान मुलगा. बोलायला कमी, पण जेवायला बसली की तिला कंठ फुटायचा. आम्ही बौद्ध, आणि त्या वेळी आमच्या डब्यात हात घालायला वस्तीबाहेरच्या बायका जरा कचरत. तोंडानं कोणी काही म्हणत नसे, पण ज्याला कळायचं त्याला कळत होतं. मावशीनं नवीन असतानाच एके दिवशी सरळ मायच्या डब्यातलं चून बोटानं चाटून पाहिलं आणि म्हणाली, मीठ कमी हाय वं. माय आधी चिडली आणि मग दोघी हसत सुटल्या. तेव्हापासून त्या दोघींचा डबा एकच. अंबाडीची भाजी मावशीची, भाकर आमची. बुद्धपौर्णिमेला ती खीर खायला विहारात यायची, तीही पांढरं लुगडं नेसून. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

एकदा तिकडचा व्यापारी कारखाना बघायला आला. गोरा, उंच, उन्हानं लाल झालेला. त्यानं एक मोजा उचलला, हातात घातला आणि मायसारखीच मूठ आवळून पाहिली. मग अंगठा वर-खाली केला, काहीतरी बोलला आणि हसला. शेठजींनी सांगितलं, साहेब म्हणतात असा अंगठा कुठं मिळत नाही. झालं. त्या दिवशी मावशी जमिनीवर नव्हती. बायकांनी तिला चिडवून चिडवून बेजार केलं. आणि त्या दिवसापासून सगळ्यांच्या मनानं पक्कं धरलं की आपल्या मोज्यांना जी मागणी आहे ती आपल्या टाक्यांमुळं. दुसरं काही कारण असू शकतं हे कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. माल चांगला म्हणून विकतो. आजही शंभर माणसांना विचारा, तेच सांगतील.

म्हणून जेव्हा एका पावसाळ्यात माल जायचा थांबला, तेव्हाही बायकांनी कारण टाक्यातच शोधलं. भरलेली खोकी दाराशी रचून ठेवलेली, ट्रक येणार होता, आला नाही. शेठजी एवढंच म्हणाले की पार्टीनं माल थांबवला आहे. का, ते सांगितलं नाही. त्यांचा चेहरा उतरलेला, त्यांना विचारायची सोय नव्हती. मायला दोन रात्री झोप लागली नाही. माल थांबला म्हणजे माल नापसंत, आणि नापसंत माल तिच्या मुठीतून गेलेला. तिनं शेठजींकडं जाऊन खोकी उघडायची परवानगी मागितली. ते दुसरीकडं पाहत म्हणाले, पाहा. मग ती आणि चार बायका खाली बसल्या आणि एकेक मोजा घालून मूठ पाहू लागल्या.

शोधत बसलं की सापडतंच. मायला अंगठ्याच्या मुळाशी शिलाई किंचित कसलेली, आवळून बसलेली वाटली. पहिल्या मोज्यात वाटली, मग दुसऱ्यातही वाटू लागली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बायकांना प्रत्येक अंगठा आवळ लागू लागला. मी स्वतः घालून पाहिला होता. मला काही समजलं नाही, पण मायचा चेहरा पाहून मीही म्हटलं, हो, ओढतोय. मावशी बाजूला उभी होती. तिनं एक मोजा घेतला, उजेडात धरला, उलटा केला, बोटानं शिलाई चाचपली. कोणी तिला काही म्हणायच्या आत तीच म्हणाली की अलीकडं डोळ्यांना अंधुक दिसतं, सुईत दोरा ओवताना त्रास होतो, तिच्याच हातून टाका कसला गेला असेल. इथं मायनं गप्प बसायला हवं होतं. पण माय घाबरलेली होती, आणि घाबरलेलं माणूस कसं बोलतं ते काय सांगू. सगळ्यांसमोर ती म्हणाली, “दिसत नाई तं सांगाचं होतं शेवंता. तुह्या अंगठ्यापायी सगळ्याईच्या हातचं काम जाऊन राह्यलं.”

मावशीनं हातातला मोजा पुन्हा खोक्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुटीत ती पाठ करून एकटी बसली. मायनं हाक मारली नाही, आणि मारली असती तरी ती आली नसती. मायनं भाकर तशीच घरी परत आणली.

मग सुरू झालं उसवणं. बायकांनी ठरवलं की सगळे अंगठे उसवून पुन्हा शिवायचे, आपल्या वेळात, मजुरी न मागता. साहेबाला चांगला माल गेला की तो पुन्हा घेईल. ह्या एका आशेवर सबंध वस्ती कामाला लागली. आता आमच्या घरात येणारी पोती उसवायची असत. मी तुटक्या ब्लेडनं टाका कापायची, बाबा चष्मा लावून दोरा ओढायचे. दोऱ्याचे तुकडे घरभर झाले. पायाला दोरे, केसांत दोरे, चुनात दोरा, पाण्याच्या गुंडात दोरा. बाबा जेवताना तोंडातून दोरा काढून ताटाच्या कडेला ठेवत आणि पुढचा घास घेत. फट्ट आवाज बंद झाला, नुसतं टाके तुटल्याचं कर्रकर्र. मला ते उसवणं अजिबात आवडलं नाही. मी आयुष्यभर शिवणकाम केलं, गणवेशाचं दुकान चालवलं, पण कोणी कपडा उसवायला आणला की आजही माझं डोकं फिरतं. गिऱ्हाइकं म्हणतात, काकू, एवढंसं काम, त्यात चिडायचं काय. त्यांना काय माहीत.

नवे अंगठे मावशीनं शिवले नाहीत. दुसरी बाई बसली तिच्या मशीनवर. मावशी घरी नेऊन फक्त उसवायची, आणि सगळ्यांत जास्त उसवून आणायची. आपली चूक आपण आपल्या हातानं काढतोय असं तिला वाटत असणार. तिची बोटं ब्लेडनं कापलेली असत. माय ते पाहायची आणि मान फिरवायची.

खोकी पुन्हा भरली गेली. कोऱ्या वह्यांसारखे नीट रचलेले मोजे, मायनं एकेकाची मूठ पाहिलेली. आणि मग आम्ही वाट पाहिली. ट्रक आला नाही.

त्यानंतर एका रविवारी जोशीबाबू आमच्या घरी आले. ते कारखान्याचं लिखापढीचं काम पाहत. शहरातल्या जुन्या नोकरदार घरातले, धोतर सोडून पँट घालू लागलेले पण टोपी न सोडलेले. आमच्या वस्तीत ते पहिल्यांदाच येत होते. घर विचारत विचारत आले. मायनं बाजेवरचं पोतं सरकवून त्यांना बसायला जागा केली, मी चहा ठेवला. ते सांगायला आले होते की कारखाना महिनाअखेर बंद होणार. माय उभीच होती. तिनं विचारलं की नवे अंगठेही साहेबाला पसंत पडले नाहीत का. जोशीबाबूंना आधी प्रश्नच समजला नाही. समजला तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा अर्धंच समजले, उरलेलं पुढं समजलं. तिकडच्या सरकारनं गरीब देशांसाठी एक सवलत ठेवली होती. अशा देशांतून येणाऱ्या मालावर जकात कमी घ्यायची, म्हणजे त्या देशांचे कारखाने उभे राहतील. आमचे मोजे त्या सवलतीत जात, म्हणून तिकडच्या व्यापाऱ्याला परवडत. आता त्या सरकारनं ठरवलं की कापडाच्या मालात भारत पुरता बळकट झाला आहे, त्याला ह्या सवलतीची गरज नाही. जकात वाढली, मोजा महाग झाला, आणि तो हसणारा गोरा साहेब दुसऱ्या एका देशाकडं गेला, जिथं सवलत अजून चालू होती. शेठजी तेवढे दिवस भाव पाडून त्याला परत वळवायची खटपट करत होते. बायका मन लावून उसवताहेत हे ते रोज पाहत होते आणि त्यांना तोंड उघडवत नव्हतं.

“कोन झालं बळकट?” मायनं विचारलं.

“देश,” जोशीबाबू म्हणाले. आणि मग आमच्या घराकडं, चुलीकडं, त्या पोत्यांकडं पाहून ते ओशाळले. म्हणाले की मोठमोठ्या गिरण्या आहेत, मोठ्या शहरांतले मोठे कारखाने आहेत, सगळ्यांचा हिशेब एकत्रच धरतात.

“अन् आमचा माल?”

“बाई, मालाबद्दल एकसुद्धा तक्रार नव्हती. कधीच नव्हती. अंगठा तर त्यांना फार आवडायचा.”

माय खाली बसली. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. चूक आपली नव्हती, अजून काय पाहिजे माणसाला? पण तिचा चेहरा असा झाला होता की बाबा उठून तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, “चूक असती तं उसवून नीट केली असती, बाबूजी. हे कसं उसवू?”

जोशीबाबूंनी चहा घेतला नाही. जाताना ते दारात थांबले आणि म्हणाले की दुसऱ्या देशातही बायकाच शिवत असतील, तुमच्यासारख्याच. ते समजूत घालायला म्हणाले की आणखी कशाला, देव जाणे. मायनं मात्र मान हलवली. मला आठवतं, संध्याकाळी ती बाबांना म्हणाली की त्यांना मिळालं तर मिळू दे, त्याही पोटासाठीच करतात, पण उद्या त्यांना बळकट झालात म्हणून सांगतील तेव्हा त्यांनी काय करायचं. टीव्हीवर टाय लावलेले लोक आजकाल जे तासभर भांडून सांगतात ते माझ्या मायनं भाकरी थापता थापता सांगितलं होतं. मी काही तिची बढाई मारत नाही. ज्याच्यावर येतं त्याला दिसतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय मला घेऊन जुन्या गावात शेवंतामावशीकडं गेली. वाटभर तिनं माझा दंड धरून ठेवला होता, जणू मीच पळून जाईन. मावशी ओसरीवर अंबाडी निवडत होती. मायनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. माझं चुकलं, तुझा टाका बरोबर होता, मी तुला सगळ्यांत बोलले, मला माफ कर. मग जकातीचं सगळं सांगितलं, जमेल तसं, मधे मधे माझ्याकडं पाहत. मावशीनं नीट ऐकून घेतलं. हातातली अंबाडी खाली ठेवली. आणि मायच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “एवढ्या दूरच्या सरकारले आपल्या हातमोज्याशी काय करायचं हाय वं? तू मनानं चांगली हायस, म्हनून असं सांगून राह्यली. माह्याच हातून झालं. मले माहीत हाय.”

माय रडली, रागावली, जोशीबाबूंना घेऊन येते म्हणाली. काही उपयोग झाला नाही. टाका कसलेला असला तर माल परत येतो हे मावशीला कळत होतं. कोणा दूरच्या माणसानं आपल्याला न पाहता, न विचारता बळकट ठरवलं आणि त्यानं आपलं काम गेलं, हे तिला मायनं रचलेलं वाटलं. समजूत घालण्यासाठी रचलेलं. दोघी पुन्हा बोलू लागल्या, अंबाडी आमच्याकडं येऊ लागली, भाकर तिकडं जाऊ लागली. पण मावशी पुन्हा मशीनवर बसली नाही. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. मुलाच्या सदऱ्याचं बटण तुटलं तरी ती मला लावायला द्यायची. जिचा अंगठा साहेबानं वाखाणला होता ती बाई! माय म्हातारपणी अंथरुणाला खिळली तेव्हाही तिला एकच लागून राहिलं होतं, की शेवंताला पटलं नाही. कारखान्याच्या जागी पुढं सिमेंटचं गोदाम झालं, त्याचं तिला काही नव्हतं. शेवंताला पटलं नाही, याचं होतं. ती तशीच गेली.

मावशी अजून आहे. कळंब रोडला मुलाच्या घरी असते, कान शाबूत, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून नजरही बरी. मी महिन्यातून एखादी चक्कर मारते. परवा गेले तेव्हा टीव्ही चालू होता. सध्या रोज तेच चाललंय, अमक्या देशानं आपल्या मालावर जकात वाढवली, आपण कापसावरची काढली, परत लावली, सूट दिली, सूट घेतली. आकड्यांनी पडदा भरलेला. मधेच कुठल्याशा गावच्या शिवण-कारखान्याचं बंद फाटक दाखवलं आणि बाहेर उभ्या असलेल्या मुली, गळ्यात ओळखपत्रं, हातात डबे. कॅमेरा समोर आला की त्या खाली पाहत होत्या. सांगणारा सांगत होता, परदेशी मागणी थांबली आहे.

मी मावशीला म्हटलं, बघ, आपल्या वेळी झालं ते हेच. तेव्हा माय सांगत होती ना, हेच. मावशी टक लावून पाहत होती. त्या मुली गेल्या, जाहिराती लागल्या, तरी ती पडद्याकडंच पाहत राहिली. तिचा हात माझ्या हातात सैल पडला होता. मला वाटलं झोप लागतेय. मग ती म्हणाली, “तुही माय खरं सांगत होती मंग.”

मी हो म्हटलं.

“अन् त्या पोरीईले कोनी सांगतलं काय वं, का तुमचा टाका चुकला नाई म्हनून?”

मी म्हटलं, माहीत नाही मावशी.

“सांगाले पाह्यजे,” ती म्हणाली. “नाई तं त्या उसवत बसतीन.”